घाबरला म्हणायच्या आधी करारात काय होतं ते बघा

साउथपॉ कुडाळ:

परवा रिंगसाइड रत्नागिरी काकांनी लिहिलं होतं की हल्लीचे बॉक्सर भित्रे झालेत, पूर्वी समोर माणूस उभा राहिला की लढायचे, आता सहा सहा वर्षं टक्केवारीवर भांडतात, मेवेदर काय नि कानेलो काय, चॅम्पियन नव्हेत, व्यापारी आहेत. खाली सगळ्यांनी री ओढली. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे 'पूर्वी' नक्की कधी होतं? ८ मार्च १९७१ ला अली आणि फ्रेझर मॅडिसन स्क्वेअर गार्डनला उतरले तेव्हा दोघांचे २५-२५ लाख डॉलर आधी ठरले होते, तेव्हाच्या मानानं डोळे पांढरे करणारी रक्कम. १९७४ ला किन्शासाला अली-फोरमन झाली ती का झाली, तर डॉन किंगनं दोघांना प्रत्येकी ५० लाख कबूल करून आधी सह्या घेतल्या आणि पैसा कोण देणार ते नंतर शोधलं, शेवटी झैरचा (आजच्या काँगोचा) हुकूमशहा मोबुटू यानं तिजोरी उघडली. टक्केवारी, जागा, तारीख यावर तेव्हाही भांडणंच होत होती, फक्त ती रोज आपल्या मोबाइलवर येत नव्हती.

आणि हॅगलर-लेनर्ड? ६ एप्रिल १९८७. लेनर्ड त्याआधी पाच वर्षांत एकदाच लढलेला, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं. त्याच्या बाजूनं काय मागितलं, तर १५ ऐवजी १२ राउंड, मोठी रिंग, जाड ग्लव्हज. हॅगलरच्या बाजूनं काय मागितलं, जास्त पैसे. दोघांना आपापलं मिळालं, हॅगलर स्प्लिट डिसिजननं, म्हणजे दोन विरुद्ध एक जजच्या निकालानं, हरला आणि परत कधी रिंगमध्ये उतरलाच नाही. लेनर्डनं ती अर्धी फाइट टेबलावर जिंकली होती. म्हणून तो भित्रा? पाच वर्षांत एकदाच लढलेला माणूस मिडलवेटच्या त्या राक्षसासमोर उभा राहिला, याला भित्रा म्हणणार असाल तर माझं बोलणंच खुंटलं.

बारा राउंड कुठून आले तेही आठवा. १३ नोव्हेंबर १९८२, रे मॅन्सिनीसमोर कोरियाचा डुक कू किम. वजन उतरवतानाच बेजार झाला होता तो. चौदाव्या राउंडला पडला, मेंदूत रक्तस्राव, काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीनं, म्हणजे बेल्ट देणाऱ्या एका जागतिक संघटनेनं, १५ चे १२ केले. राउंड किती, ग्लव्हज किती औंसाचे, वजन कुठल्या दिवशी करायचं, या सगळ्या 'व्यापारी' गोष्टी माणूस जिवंत घरी येणार की नाही त्याच्याशी जोडलेल्या आहेत. ठोसा ज्याच्या डोक्यावर बसणार त्याला घासाघीस करायचा पूर्ण हक्क आहे, आणि आपण पलंगावर पडून त्याला घाबरला म्हणतो हे मला सहन होत नाही.

रिंगसाइड रत्नागिरी:

अलीचं नाव पुढे करून मेवेदरला धुऊन काढू नकोस रे बाबा. अली-फ्रेझर झाली ना? तीनदा झाली. मी चिडलोय ते न झालेल्या आणि उशिरा झालेल्या फायटींवर.

मेवेदर-पॅक्विआओ २००९ च्या शेवटाला जवळजवळ ठरली होती, २०१० च्या मार्चमध्ये व्हायची होती, उत्तेजकांसाठीच्या रक्ताच्या चाचणीवरून फिसकटली. मेवेदर म्हणे कधीही रक्त घेणार, पॅक्विआओ म्हणे फाइटच्या इतके दिवस आधीपर्यंतच देणार. पाच वर्षं गेली यात. मधे मार्केझनं डिसेंबर २०१२ ला पॅक्विआओला एका उजव्या हातावर असा झोपवला की पुढचा पॅक्विआओ वेगळाच माणूस होता. मग २ मे २०१५. एक ३८ चा, एक ३६ चा. अमेरिकेत ४६ लाखांच्या आसपास लोकांनी जवळपास १०० डॉलर मोजून ती फाइट घेतली, आणि बघितलं काय, तर मेवेदर बारा राउंड मिठ्या मारतोय आणि फाइट संपल्यावर पॅक्विआओ सांगतोय खांदा आधीच दुखावला होता.

आमच्याकडे ती रविवारची सकाळ होती. मे महिना, आंबा उतरवायचे दिवस, गडी झाडावरून उतरून आमच्या पडवीत येऊन बसले, माझ्या भावानं मुंबईहून मुद्दाम फोन करून करून सगळ्या वाडीला सांगितलेलं, शतकातली फाइट म्हणून. पाचव्या राउंडला माणसं उठून परत बागेत गेली. बॉक्सिंग म्हणजे काय हे त्यांना दाखवायची एकच संधी होती माझ्याकडे, ती ह्या दोघांच्या वकिलांनी खाल्ली. तेव्हापासून एकानंही माझ्याकडे कधी विचारलं नाही की पुढची कधी आहे.

आणि कानेलो. मे २०१६ ला अमीर खानला आडवा केला, गोलोव्किनला रिंगमध्ये बोलावून छाती पुढे काढली, आणि दोन आठवड्यांच्या आत डब्ल्यूबीसीचा बेल्ट सोडून दिला, कारण बेल्ट ठेवला असता तर गोलोव्किनशी लढावं लागलं असतं. सप्टेंबर २०१७ ला लढला, तोवर गोलोव्किन ३५ चा झालेला. त्यातही एक जज ११८-११० कानेलोला देते! याला हक्क म्हणायचं?

चिपळूण बारा राउंड:

काकांशी शंभर टक्के सहमत. साउथपॉ भाऊ, तुम्ही हेवीवेटच्या उसिकचं नाव का घेतलं नाही? २०२३ ला समोरच्या फ्युरीनं जाहीर सांगितलं, वाटणी ७०-३० पाहिजे, नाहीतर चालते व्हा. उसिककडे तीन बेल्ट, अपराजित, तरी हा माणूस एका व्हिडिओत म्हणाला ठीक आहे, ३० घेतो, वर अट एवढीच की फ्युरीनं युक्रेनला १० लाख पौंड द्यायचे. याला म्हणतात चॅम्पियन. पैशासाठी अडून बसणारे आणि लढायचं म्हणून लढणारे यांतला फरक त्या व्हिडिओत कळतो.

साउथपॉ कुडाळ:

चिपळूण, अर्धीच गोष्ट सांगताय तुम्ही. ३० मान्य करूनही ती फाइट एप्रिल २०२३ ला झाली नाहीच, आणि अडली कशावर? रिमॅच क्लॉजवर. हरलो तर पुढच्या फाइटला वाटणी कशी, यावर. म्हणजे उसिकची माणसंसुद्धा टेबलावर दोन पावलं पुढचं बघत होती. शेवटी १८ मे २०२४ ला रियाधला झाली, उसिक स्प्लिट डिसिजननं जिंकला, डिसेंबरात परत जिंकला. सौदीनं इतका पैसा ओतला की वाटणीचं भांडणच उरलं नाही. म्हणजे अडवणूक बॉक्सरच्या भीतीची नव्हती, पैशाच्या वाटपाची होती, आणि पैसा आला तसे दोघेही आले. लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदाच हेवीवेटला एकच चॅम्पियन झाला तो असा.

काका, रक्ताच्या चाचणीचं तुम्ही सहज लिहून गेलात. समोरच्याच्या अंगात काय आहे हे विचारायचं नाही का? २०१८ ला कानेलोच्या चाचणीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, मेमधली गोलोव्किनची फाइट रद्द झाली, सहा महिन्यांची बंदी. २०१९ ला हेवीवेट चॅम्पियन जोशुआसमोरचा मिलर चाचणीत अडकला म्हणून अँडी रुईझ आला. चाचण्या आहेत म्हणून हे कळतं. मेवेदर बाकी कसाही असेल, पण त्या मागणीनं आज सगळ्या मोठ्या फायटींना शिस्त लावली.

पखवाज सावंतवाडी:

मी बॉक्सिंग फार बघत नाही, मुलगा बघतो, त्यानं हे वाचायला दिलं. पण वाचताना वाटलं की आमच्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या आळीपाळीनं गायच्या सामन्यात, हेच तर चालतं. मंडळाची दोन माणसं सुपारी घेऊन बुवांच्या घरी जातात, चहा होतो, आणि बुवांचा पहिला प्रश्न तारखेचा नसतो, "समोर कोण आसा?" हा असतो. नाव ऐकून मग बिदागी ठरते. मग पहिली बारी कोणाची यावर अर्धा तास, कारण दुसऱ्या बारीवाल्याला पहिल्यानं काय मांडलंय ते ऐकून उत्तर द्यायला मिळतं. मग माइक कोणाचे, वेळ किती.

माझे वडील पखवाज वाजवायचे एका बुवांकडे. एका गावच्या जत्रेला त्या बुवांनी यायचं नाकारलं, गावात सगळे म्हणायला लागले की समोरचं नाव ऐकून बुवा घाबरले, चहाच्या टपरीवर तेच, एस्टीत तेच. खरी गोष्ट अशी की त्याच मंडळानं आदल्या वर्षीचे कोरसवाल्यांचे आणि माझ्या वडलांचे पैसे दिले नव्हते. बुवा म्हणाले माझ्या मुलांचे पैसे आधी टाका, मग कोणाला पण समोर बसवा. मंडळानं पैसे टाकले नाहीत आणि बुवा भित्रे ठरले. वडील जाईपर्यंत त्यांना ते लागून राहिलं होतं. म्हणून कुडाळवाल्यांचं म्हणणं मला पटतं.

राजापूर तुरेवाला:

बुवांचा विषय निघाला म्हणून बोलतो. डबलबारीत आता भजन उरलंय कुठे? सिनेमाच्या चाली, एकमेकांच्या घरादारावर बोलणं, आणि आधी बसून ठरवलेलं असतं की मी तुला हे बोलतो तू मला ते बोल. रात्रभर लोकांना भांडण दाखवायचं आणि पहाटे एकाच गाडीतून घरी जायचं. आमच्या शक्तीतुऱ्यात, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबात, शाहिराला समोरचा काय विचारणार हे माहीत नसतं, उत्तर आलं नाही तर मान खाली घालावी लागते, पुराणं वाचून जावं लागतं.

पखवाज सावंतवाडी:

ह्या तुका कोणी सांगल्यान? तुमच्या शक्तीतुऱ्याचे काही कार्यक्रम मी मुंबईत बघितलेत, आयाबहिणी उठून जातात अशा भाषेत सवाल-जवाब चालले होते. आणि एका गाडीतून घरी जाणं हे वाईट कसं? समोरासमोर गाताना वैर, उतरलो की माणूस माणूस. माझ्या वडलांची बोटं फुटायची पखवाजावर, पहाटे घरी आले की आई हळद लावायची. ती बोटं ठरवून फुटत नव्हती. पुन्हा असं लिहायच्या आधी एक पूर्ण बारी पखवाजाशेजारी बसून बघा.

राजापूर तुरेवाला:

बोटांचा अपमान केलेला नाही मी. वाजवणाऱ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बोललो ते बुवांबद्दल, आणि ते परत बोलेन. ज्या दिवशी लोक भजनाला न येता भांडणाला यायला लागले त्या दिवशी सामना संपला. आता मंडळंच सांगतात, बुवा जरा तिखट होऊ द्या. सुपारी त्याची मिळते.

चिपळूण बारा राउंड:

हे तिखटाचं म्हणणं बॉक्सिंगला जसंच्या तसं लागू आहे! पत्रकार परिषदेत ढकलाढकली, शिव्या, टेबल उलटणं, सगळं तिकिटासाठी. पण तुरेवाले, डबलबारीला नावं ठेवू नका, माझं आजोळ कणकवलीचं आहे. लहानपणी रात्रभर जागून ऐकलेली गौळण मला अजून पाठ आहे आणि तिला सिनेमाची चाल नव्हती.

पखवाज सावंतवाडी:

चिपळूणकर, धन्यवाद. पण चाल सिनेमाची असली तर काय बिघडतं हेही कोणीतरी सांगा. तरुण पोरं त्यामुळे भजनाला बसतात. आमच्या वाडीत तीन पोरं पखवाज शिकतायत, ती कुठून आली? मोबाइलवर डबलबारी बघून आली.

राजापूर तुरेवाला:

पोरं आली हे खरं. ते मान्य करावंच लागेल, आमच्याकडे नाचायला पोरं मिळत नाहीत, ढोलकीवाला मुंबईहून बोलवावा लागतो आणि त्याची बिदागी शाहिरापेक्षा जास्त असते. पण पोरं आली म्हणून सगळं चांगलं असं होत नाही.

साउथपॉ कुडाळ:

दोघांनाही हात जोडतो, यावर वेगळं लिहा, मी स्वतः येऊन वाचेन. इथे फायटींबद्दल बोलू या. बुवांच्या थकलेल्या पैशांची गोष्ट मात्र इथलीच आहे, ती राहू दे.

जॅब ताई देवगड:

सगळे पुरुष करोडोंच्या वाटणीवर भांडतायत, मला जरा दुसरीकडचं बोलायचंय. आपल्याकडे हौशी बॉक्सिंगमध्ये पर्स, म्हणजे फाइटचे पैसे, नसतेच, तरी समोर कोण यावं याची घासाघीस असते आणि ती संघटनेच्या खोलीत होते. २०१९ ला ऑलिम्पिक पात्रतेसाठी मेरी कोमला निवड चाचणीच्या लढतीशिवाय पाठवायचं चाललं होतं. निखत झरीननं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं, मला फक्त लढायची संधी द्या. तिच्यावर किती लोक तुटून पडले तेव्हा, मोठ्या खेळाडूचा मान ठेव म्हणून! २८ डिसेंबरला चाचणी झाली, मेरी कोम ९-१ नं जिंकली आणि हात मिळवायला नकार दिला. २०२२ ला निखत इस्तंबूलला जगज्जेती झाली.

मी जिल्ह्यापर्यंतच खेळले, पण त्या वेळी आमच्या हॉस्टेलमधल्या मुली दोन गटांत वाटल्या गेल्या होत्या. मी निखतच्या बाजूनं होते. काका ज्याला धाडस म्हणतात ते त्या पत्रात होतं, कारण हरली असती तर, आणि हरलीच, करिअर संपवून टाकायला लोक बसलेच होते. रिंगमध्ये ठोसा खायची भीती आम्हाला फार नसते. फाइटच मिळणार नाही ही भीती मोठी असते.

रिंगसाइड रत्नागिरी:

ताई, हेच तर माझं म्हणणं आहे. तिनं लढायला मागितलं. माझे सगळे आक्षेप न लढणाऱ्यांवर आहेत.

जॅब ताई देवगड:

नाही काका, तुमचं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही अटी मागणाऱ्याला भित्रा म्हणता. निखतनं पण अटच मागितली होती, की चाचणी झालीच पाहिजे, सर्वांसमोर झाली पाहिजे. अट मागणं आणि पळणं यांत फरक करा एवढंच साउथपॉ म्हणतोय.

अलिबाग कॉर्नर:

बराच वेळ वाचतोय. लिहू नये असं वाटत होतं पण लिहितो.

माझा आतेभाऊ. पोरगा चांगला होता, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) लांब, पाय हलके. मुंबईजवळ एका हॉलमध्ये कोणीतरी 'प्रो नाइट' ठेवली होती, बक्षीस म्हणून काही हजार आणि व्हिडिओ मिळेल असं सांगितलेलं. आदल्या संध्याकाळी फोन आला, समोरचा बदललाय, येतोस का. हा म्हणाला येतो. एकाही माणसानं विचारलं नाही वजन किती, समोरचा कोण, मीसुद्धा नाही, मी कॉर्नरला बादली धरायला जाणार म्हणून खुशीत होतो.

तिथे वजनाचा काटा गालिच्यावर ठेवलेला. ज्यानं कधी वजन केलंय त्याला कळेल, गालिच्यावर काटा बरोबर वजन दाखवत नाही. समोरचा उभा राहिला तेव्हा डोळ्यांनी दिसत होतं की हा सात-आठ किलोनं जड आहे. ग्लव्हज त्यांनीच दिले. मी आतेभावाचे ग्लव्हज बांधताना अंगठ्यानं दाबून बघितलं तर मुठीच्या हाडांवर गादीच नव्हती, सगळी सरकून मनगटाकडे गेलेली, नुसतं चामडं. समोरच्याचेही तसलेच असणार. डॉक्टर म्हणून जो माणूस बसला होता तो फोनवर बोलत होता. अॅम्ब्युलन्स नव्हती.

तिसऱ्या राउंडला त्याला उजवा बसला. उठला, रेफरीनं चालू ठेवलं. मी टॉवेल हातात घेऊन उभा होतो (तो रिंगमध्ये टाकला की फाइट थांबते) आणि टाकला नाही, कारण त्यानंच मला सांगून ठेवलं होतं, टाकलास तर बोलणार नाही तुझ्याशी. नंतर गाडीत मागे उलटी झाली, वडखळच्या पुढे त्यानं मला माझं नाव विचारलं. आज तो बरा आहे, काम करतो, पण दुपारच्या उन्हात डोकं धरून बसतो आणि रिंगमध्ये परत कधी गेला नाही.

त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही. खूप धाडसी म्हटलं. त्या धाडसाचे त्याला मिळाले ते पैसे औषधाला पुरले नाहीत. म्हणून जेव्हा कोणी लिहितं की खरा बॉक्सर अटी बघत नाही, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मेवेदरकडे वकील होते म्हणून तो आज चालतोय बोलतोय. आमच्याकडे एक वकील सोडा, वजनाचा काटा फरशीवर ठेवा म्हणणारा एक माणूस नव्हता.

रिंगसाइड रत्नागिरी:

अलिबाग, वाचून वाईट वाटलं. त्या कार्यक्रमवाल्यांना आत टाकायला पाहिजे.

पण राग येऊ देऊ नका, मी बोललो ते तुमच्या भावाच्या पातळीच्या पोराबद्दल नव्हतं. त्यानं अटी मागायलाच हव्या होत्या, यात दुमत नाही. मी बोललो ते कोट्यधीशांबद्दल, ज्यांच्याकडे डॉक्टरही आहेत, नियम बघणारं बॉक्सिंग कमिशनही आहे, चाचणीही आहे, आणि तरी जे समोरचा म्हातारा व्हायची वाट बघतात. सुरक्षेच्या अटी एक आणि समोरच्याला कुजवत ठेवणं दुसरं. साउथपॉनं दोन्ही एकाच पोत्यात घातलंय.

चिपळूण बारा राउंड:

काकांचा हा मुद्दा उचलतो. वेल्टरवेटच्या दोन चॅम्पियनांची, क्रॉफर्ड-स्पेन्स घ्या. २०१८-१९ पासून सगळ्यांना पाहिजे होती. स्पेन्सची कार ऑक्टोबर २०१९ ला उलटली, मग २०२१ ला डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन. २०२२ च्या ऑक्टोबरात बोलणी मोडली. शेवटी २९ जुलै २०२३, स्पेन्स तीनदा पडला आणि नवव्या राउंडला थांबवली. तो स्पेन्स २०१९ चा नव्हता हे आंधळ्यालाही दिसत होतं. इथे कोणाच्या सुरक्षेसाठी उशीर झाला? प्रमोटर वेगळे, टीव्हीवाले वेगळे, म्हणून झाला. उशीर स्वतःच धोकादायक असतो, हे कोणी का बोलत नाही? तरुणपणी लढले असते तर स्पेन्सला एवढा मार बसला नसता.

आणि धाडस बघायचं तर त्याच क्रॉफर्डचं बघा. सप्टेंबर २०२५ ला कानेलोसमोर दोन वजनगट वर चढून गेला, ३७ व्या वर्षी, आणि एकमतानं जिंकला. कोणी त्याला बांधून नेलं नव्हतं.

साउथपॉ कुडाळ:

अलिबाग, तुमच्या भावाला सांगा कुडाळहून एकानं आठवण काढली. गालिच्यावरच्या काट्याचं मी इथे सरावाला येणाऱ्या प्रत्येक पोराला दाखवणार आहे.

चिपळूण, स्पेन्सचं बरोबर आहे तुमचं, पण मग शिव्या कोणाला द्यायच्या ते बघा. ऑक्टोबर २०२२ ला क्रॉफर्ड उठून गेला तेव्हा त्याचं म्हणणं होतं की पैशाचा हिशेब मला उघड दाखवा. आपल्याच फाइटचा गल्ला किती झाला हे बॉक्सरला बघू देत नाहीत आणि आपण त्याला विचारतो सही का नाही केलीस! अमेरिकेत २००० साली अलीच्या नावानं कायदा झाला तो याचसाठी, प्रमोटरनं हिशेब दाखवावा म्हणून. उशीर करणारे प्रमोटर आणि टीव्हीवाले, त्यावर फी कापून घेणाऱ्या बेल्टवाल्या संघटना, आणि भित्रा कोण, तर बनियनवर रक्त सांडणारा.

कानेलोनं २०१६ ला बेल्ट सोडला ते मलाही आवडलं नव्हतं. पण तोच कानेलो मे २०२२ ला १७५ पौंडांत, वरच्या वजनगटात, तिथल्या चॅम्पियन बिवोलसमोर गेला आणि सपाटून हरला. भित्रा माणूस तिथे जात नाही. एका निर्णयावरून माणसाच्या छातीचं माप काढू नका एवढंच.

रिंगसाइड रत्नागिरी:

बिवोलचं देतो तुला. ती फाइट त्यानं घ्यायची गरज नव्हती आणि घेतली. हिशेब दाखवायचा मुद्दाही ठीक, सावंतवाडीच्या बुवांसारखंच झालं ते, कोरसचे पैसे टाका मग बसतो. त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

पण मेवेदरला सोडणार नाही. चाचणीची अट २०१४ च्या आधीच पॅक्विआओनं मानली होती, तरी २०१५ उजाडलं. ते वर्ष-दोन वर्षं कशात गेली ते तू सांग, मग बोलू.

पखवाज सावंतवाडी:

मुलगा विचारतोय की बिवोलची ती फाइट कुठे बघायला मिळेल. आणि राजापूरकर, गणपतीत आमच्याकडे सामना आहे, या, पखवाजाशेजारी जागा ठेवतो.

राजापूर तुरेवाला:

येईन. पण पहिली बारी कोणाची ते आधी कळवा.

जॅब ताई देवगड:

अलिबाग दादा, एक विचारू का, तुमच्या भावाचं नंतर सीटी स्कॅन केलं होतं का परत? दुपारी डोकं धरून बसतो म्हणालात ते साधं समजू नका. उन्हानं असेल असं म्हणून आमच्यातल्या एका मुलीनं वर्ष काढलं होतं. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, रत्नागिरी-अलिबागला नाही तर मुंबईला न्या, पण ह्याच महिन्यात न्या.

अलिबाग कॉर्नर:

तेव्हा एकदाच केलं होतं, नंतर नाही. त्याला तयार करणं कठीण आहे ताई, मला काही झालेलं नाही म्हणतो. मी आज रात्री त्याच्या आईशी बोलतो.